पुढचा म्हणजे कोण?

विजू, तू गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि मला हायसं वाटतंय. हे कुणापुढे बोलले तर लोक मला वेड्यात काढतील, म्हणून तुलाच सांगते. माझं बोलणं अर्धं ऐकायचं आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करायचं, ही तुझी खोड. आज तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा नीट ऐक. हायसं वाटतंय ते तू गेल्याचं नाही. तुझ्या जाण्यात माझा हात नव्हता हे मला परवा दुपारी कळलं, त्याचं.

परवा दुपारपर्यंत मी धरून चालले होते की तू माझ्यामुळे गेलास.

पेपरात तुझी बातमी आली होती. 'परतूर येथील प्रसिद्ध कापड व्यापारी' असं छापलं होतं. प्रसिद्ध म्हणे! ब्लाउजपीसचा रंग जुळवायला आलेली बाई तुझ्या दुकानात अर्धा तास ताटकळायची, कारण शेठ लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसलेले. 'उतरंड'चा त्या बातमीत उल्लेखही नव्हता. बरोबर आहे, लिहिणार तरी काय? परतूरचा एक कापडवाला आणि जालन्याच्या तंत्रनिकेतनातली एक मास्तरीण, दोघांनी मिळून नऊ वर्षं एक वस्तू बनवली. ती हातात धरता येत नाही, दुकानात मांडता येत नाही, आणि ज्याला हवी त्यानं फुकट न्यावी, जमल्यास सुधारून द्यावी, म्हणून नेटवर उघडी ठेवली आहे. बातमीदाराला हे कोणी सांगितलं असतं तर त्यानं चहा पिऊन उठायचंच काम केलं असतं.

सुरुवात आठवते ना? माझ्या भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी आले होते. इंजिनिअरिंगची चार वर्षं आपण एका वर्गात काढली. मग तू दुकानात बसलास, मी शिकवायला लागले आणि मधली कित्येक वर्षं नुसतीच दिवाळीच्या शुभेच्छांची ओळख उरली होती. साड्या बघता बघता मी रडगाणं लावलं, की माझी पोरं हुशार आहेत, हातानं मोटार खोलून परत बसवतात, पण परीक्षेत 'स्टॅक' लिहा म्हटलं की पाटी कोरी. तू घडी घालता घालता वर न बघता म्हणालास, "तू त्याला स्टॅक कशाला म्हणून राह्यली? त्यांच्या घरात उतरंड न्हाई का?"

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी कुंभार पिंपळगावची. आमच्या घरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती, तळाला मोठं, वर लहान, त्याच्यावर आणखी लहान. तळाच्या मडक्यातले तीळ हवे असतील तर आधी वरची सगळी उतरवा. शेवटी ठेवलेलं आधी निघतं. स्टॅक म्हणजे एवढंच. आणि हे मला, कुंभार पिंपळगावच्या पोरीला, एका मारवाड्यानं सांगावं!

त्या दिवशी साड्या तशाच राहिल्या. तुझ्या बिलाच्या कागदामागे आपण नावं लिहीत बसलो. माहिती रचून ठेवायच्या दहा-बारा पद्धती असतात, जगातल्या प्रत्येक प्रोग्रामला त्याच लागतात. त्या एकदाच कुणीतरी चांगल्या लिहून ठेवायच्या आणि बाकीच्यांनी आयत्या वापरायच्या. तशा इंग्रजीत ढिगानं आहेत. आपण मराठीत करायच्या ठरवल्या, नावं मराठी, आतलं समजावणं मराठी, चूक झाली तर येणारा निरोपही मराठी. उतरंड, रांग, साखळी, झाड, आणि या सगळ्या संचाला, म्हणजे आपल्या लायब्ररीला, नावही 'उतरंड'च. तुझ्या दुकानातल्या फळ्यांवरून 'कप्पे' आले. कोणतं कापड कोणत्या कप्प्यात हे ठरलेलं असलं की सगळं दुकान शोधावं लागत नाही, हात थेट तिथंच जातो. 'हीप'ला तू गंजी म्हणत होतास आणि मी रास. महिनाभर भांडलो. तू हरलास. तू हरलेली ती एकमेव लढाई असावी, म्हणून ती मी नेहमी मोठ्यानं सांगते.

सगळं सुरळीत चाललं होतं, एक शब्द सोडून.

'पुढचा.'

रांगेत आपल्याला एक सोय हवी होती. एखाद्याचं नाव दिलं की त्याचा 'पुढचा' कोण ते सांगायचं. तू एका झटक्यात लिहून टाकलंस. मी तपासलं आणि तुला फोन केला, की हे उलटं आहे. तू म्हणालास, बिलकुल बराबर आहे. मी म्हटलं, अरे, मी पाचवी उभी असेन तर माझ्या पुढचा म्हणजे चौथा, ज्याची पाठ मला दिसते तो. तू म्हणालास, "अगं, पाचवं गिऱ्हाईक झालं की मी 'पुढचं या' म्हणतो, तवा चौथं येतं का? सहावंच येतं ना?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तुझं बालपण दुकानाच्या गादीवर गेलं, रांगेच्या तोंडाशी. तुझ्या लेखी पुढचा म्हणजे जो यायचा राहिलाय तो. माझं बालपण रॉकेलचा डबा हातात धरून गेलं. माझ्या लेखी पुढचा म्हणजे ज्याचा नंबर माझ्या आधी लागणार आणि ज्याच्या डोक्यावरून मी टाचा उंचावून बघायचे, टाकीत अजून आहे का संपलं. मी तुला चिडून म्हटलं होतं, "रांगेत उभ्या असलेल्याची मराठी वेगळी आणि रांगेसमोर बसलेल्याची वेगळी." तू हसलास आणि म्हणालास, "मंग लायब्ररी कुणाची? उभ्याची का बसल्याची?" शेवटी तुझीच पद्धत राहिली, कारण तू आधी लिहिली होतीस.

दुसरं भांडण तुझ्या पाण्याचं. दुकानात कापडाचा नवा ताका आला की तू त्याचा कोपरा कातरून तांब्याभर पाण्यात टाकून ठेवायचास, रंग जातो का बघायला. गिऱ्हाईक ताटकळो, व्यापारी कितीही शपथा घालो, तो तुकडा पाण्यातून निघेपर्यंत ताका विकायला नाही. माझ्या प्रत्येक दुरुस्तीला तू हेच करायचास. मी रात्रंदिवस एक करून काहीतरी लिहावं, तू म्हणावंस, "चांगलंय. राहू दे पाण्यात." महिना महिना! मला तो अपमान वाटायचा. मी वीस वर्षं हाच विषय शिकवतेय, माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली, आणि माझा रंग जातो का हे एक कापडवाला बघणार? एकदा मी तुला सरळ विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? तू म्हणालास, "न्हाई." इतक्या सहज म्हणालास की मला पुढे भांडताही येईना.

मग तुझ्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं.

ऑपरेशन करावं लागेल, पण घाई नाही, दोन-तीन महिने चालेल, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याला जा म्हणून आम्ही सगळे मागे लागलो. तू ऐकलं नाहीस. जालन्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा ते मोठे सर्जन येतात, त्यांच्याच हातून करायचं म्हणून तू हटून बसलास आणि तिथं नंबर लावलास. त्या दवाखान्यातली नंबरांची रांग आपल्याच 'उतरंड'वर चालते. तुझ्या वडिलांच्या वेळी तिथल्या वहीतली खाडाखोड बघून तूच ती बसवून दिली होतीस. मला तेव्हा गंमत वाटली होती. आपल्याच रांगेत उभा राहिलास, असं म्हणून मी तुला चिडवलंही.

तू तपासण्यांना छत्रपती संभाजीनगरला ये-जा करत होतास तेव्हाची गोष्ट. मधल्याच एखाद्यानं नाव काढून घेतलं तर आपली रांग त्याला शोधत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जायची, फार वेळ खायची. मी ती वेगवान केली. तू घरी नव्हतास, मला उत्साह आला होता, आणि खरं सांगते, तुझ्या तांब्याला वळसा घालायची संधीही होती. मी ती दुरुस्ती तुला न विचारता सगळ्यांसाठी नेटवर टाकून दिली, तिथून ती ज्याच्या त्याच्याकडे आपोआप पोहोचते. दुरुस्ती लिहिताना मी 'पुढचा' वापरला. माझा पुढचा, उभं राहणाऱ्याचा. लायब्ररीतला पुढचा होता तुझा.

अकरा दिवसांनी तुझा फोन आला. "मास्तरीण, तुझ्या रांगेतून माणसं गळून राह्यली."

एक नाव काढलं की त्याच्या शेजारचं दुसरंही गळायचं. आवाज नाही, तक्रार नाही, कुठे लाल अक्षरं नाहीत. माणूस आपला घरी बसून नंबरची वाट बघणार आणि रांगेत तो नाहीच. आपण तासाभरात दुरुस्त केलं, नेटवर माफीची सूचना टाकली. तेव्हा आपण हसलोसुद्धा. मग तू म्हणालास, आता हा शब्दच काढून टाकू, 'आधीचा' आणि 'नंतरचा' असे दोन साधे शब्द घेऊ. मी बिथरले. चूक माझी झाली होती म्हणून जास्तच बिथरले. म्हटलं, माझ्या पोरांच्या तोंडात जो शब्द आहे तोच राहील. तू म्हणालास, "पोरांच्या तोंडात दोन अर्थ हायेत ना पण, बाई." मी फोन कापला.

आणि मग तीन आठवडे आपण बोललो नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. थोडं ताणून धरावं, मग आपणच करू, असा विचार होता. तू दुकानात बसल्या बसल्याच गेलास.

पाचव्या दिवशी मी परतूरला आले. सरलावहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "संगीताताई, दवाखान्यातून फोन येणार व्हता. नंबर लावल्ता ना ह्यांनी. रोज वाट बघून राह्यलो आम्ही. फोन आलाच न्हाई."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. संक्रांतीनंतर लगेच तू नंबर लावला होतास. माझे ते अकरा दिवस त्याच्या पुढच्याच आठवड्यापासूनचे. दवाखान्याच्या रांगेतून रोज कुणी ना कुणी नाव काढतं, कुणी पुण्याला जातं, कुणी भिऊन नको म्हणतं. त्यातलं एक नाव तुझ्या शेजारचं असणं एवढंच पुरे होतं. तू स्वतः रांग उघडून बघितली असतीस तर तुला दिसलं असतं, पण मी तुला ओळखते. चावी हातात आहे म्हणून आपला नंबर डोकावून बघणं तुला चोरीसारखं वाटलं असतं.

मी वहिनींना काही बोलले नाही. पाणी प्यायले आणि निघाले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगत बसत नाही. वर्गात फळ्यावर रांग काढायची वेळ आली तेव्हा मी तास सोडून दिला. मुलांना वाटलं, मॅडम दुःखात आहेत. दुःखात होतेच, पण मला तुझ्यासाठी धड रडताही येत नव्हतं. रडायला बसले की डोक्यात हिशेब सुरू व्हायचा, तुझ्या आधी कोण असेल, त्यानं कोणत्या दिवशी नाव काढलं असेल. लॅपटॉप उघडून बघणं दहा मिनिटांचं काम होतं. माझी हिंमत झाली नाही. आरोपीनं स्वतःच जाऊन निकाल वाचावा, तसं होतं ते.

परवा दवाखान्यातून मीनाताईंचा फोन आला. तिथल्या काउंटरवर त्याच बसतात. "मॅडम, विजूभाऊ हे सगळं बघायचे. आता कुणाला विचारायचं? तुमचंच नाव लिहून ठेवलंय त्यांनी." जावंच लागलं. त्यांनी मला त्यांची खुर्ची दिली आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेल्या. मी एकटी त्या स्क्रीनसमोर बसले. विजू, मी देवाचं नाव फारसं घेत नाही हे तुला माहीत आहे. परवा घेतलं.

आधी ती फाइल उघडली, जिच्यात लिहिलेलं असतं की या दवाखान्यानं 'उतरंड'ची कोणती आवृत्ती घ्यायची. तिथं जुना आकडा होता. माझ्या दुरुस्तीच्या आधीचा. मला वाटलं, मी चुकीची ओळ वाचतेय. पुन्हा वाचली. त्याच्या शेजारी तुझ्या हातची नोंद होती. 'संगीतानं रांग पळती केली. अजून पाण्यात. इथं एवढ्यात घ्यायची नाही.'

तारीख मी दुरुस्ती टाकली त्याच दिवसाची. म्हणजे तू संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासणीला बसून माझी दुरुस्ती वाचली होतीस, चूक तुला तोवर सापडलीही नव्हती, आणि तरीही तू आधी इथलं दार लावून घेतलंस. का, तर संगीतानं केलंय म्हणून.

मी हसायला लागले. मोठ्यानं. काउंटरसमोर बसलेली माणसं बघायला लागली. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, याचा इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. मग हसता हसताच रडू फुटलं, आणि ते मात्र तुझ्यासाठी होतं, निव्वळ तुझ्यासाठी, सोळा दिवस तुंबलेलं. मीनाताई चहा घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. "मॅडम, काय उडालं का काही?" त्यांनी घाबरून विचारलं. मी मान हलवली. काही उडालं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला होता.

मग रांग उघडली. तुझं नाव होतं. पाचवं. तू नंबर लावलास तेव्हा बारावा होतास, एकेक सरकत पाचव्यावर आला होतास. कुठेही गळला नव्हतास. फोन आला नाही कारण तुझी पाळी आली नव्हती, बस्, एवढंच. तुझ्या आधी चार माणसं होती आणि चारही खरी आजारी.

चावी तुझ्याकडे होती, हे मला तिथं बसल्या बसल्या पुन्हा जाणवलं. पाचव्यावरून पहिल्यावर जायला तुला एक बोट लागलं असतं. कुणाला कळलंही नसतं. लोक अशा वेळी म्हणतात, अभिमान वाटतो. मला नाही वाटत. मला राग येतो. तू जिवंत असतास आणि असं सरकला असतास तर मी तुला आयुष्यभर टोचून बोलले असते, हेही खरं. पण टोचून बोलायला तू असतास.

काल सकाळच्या गाडीनं परतूरला गेले. वहिनींना सगळं सांगितलं, माझ्या चुकीपासून. लपवायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. त्या ऐकत होत्या, पण माझ्या चुकीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी थांबले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे फोन आलाच नव्हता?"

"नाही वहिनी. नंबरच लागला नव्हता."

"बराबर बघितलं का तुमी?"

"बरोबर बघितलं. तिथून कुणाला कधी फोन गेला ते सगळं नोंदलेलं असतं. तुमच्या घरी एकही गेलेला नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू सांगितलं. तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात त्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या आणि तुझा मोबाइल घरी चार्जिंगला लावून, आवाज बंद करून ठेवला होता, तुला झोप लागावी म्हणून. परत आल्यावर त्यावर एक न उचललेला फोन होता, अनोळखी नंबरचा. त्यांनी उलट फोन लावला, लागला नाही. तुला सांगितलं नाही, तू चिडशील म्हणून. आणि तू गेल्यापासून त्या धरून बसल्या होत्या की तोच तो फोन. दवाखान्यानं बोलावलं आणि आपण हळदीकुंकू लावत बसलो.

इतके दिवस एकाच माणसाला मारल्याचा गुन्हा आम्ही दोघी आपापल्या डोक्यावर घेऊन बसलो होतो, मी जालन्यात आणि त्या परतूरला. आणि तो गुन्हा झालाच नव्हता.

त्यांनी मग तुझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदाच. नंबर लावल्यावर त्यांनीच तुला सुचवलं होतं म्हणे, तुमच्याच हातात आहे तर थोडे पुढं सरका ना. तू काय म्हणालास ते त्यांनी तुझ्याच आवाजात करून दाखवलं. "पुढं म्हंजे कुणीकडं, ते माझं न् संगीताचं अजून ठरलं न्हाई." आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून तुझी सून बघायला आली.

तर ऐक, ते ठरवून टाकते. 'आधीचा' आणि 'नंतरचा'. तुझंच खरं होतं. ज्या शब्दात दोन माणसांना दोन दिशा दिसतात, तो शब्द भांडायला चांगला, दवाखान्यात नको. बदल मी कालच लिहून ठेवला आहे आणि अजून कुणाला दिला नाही. महिनाभर पाण्यात ठेवणार आहे. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, ते मात्र तसेच राहिले. त्याला दुरुस्ती नाही. तू तेव्हा काय बोलणार होतास हे मला कधीच कळणार नाही. कदाचित शिव्या असतील. माझ्यावर तुझा विश्वास नव्हता, पण तुझ्या मागे कुणाला विचारायचं तिथं नाव माझंच लिहून ठेवलंस, एवढ्यावर मी भागवून घेते. नऊ वर्षं तू माझ्या प्रत्येक ओळीकडे संशयानं बघितलंस. इतकं लक्ष देऊन मला दुसऱ्या कुणीही वाचलं नाही. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

निघताना एक विचारायचं राहिलं होतं, आणि जीभ रेटत नव्हती. दवाखान्याच्या रांगेत तुझं नाव अजून पाचवंच होतं. तू गेल्याचं तिथं कुणी कळवलंच नव्हतं, मीनाताईंनाही ते मीच परवा सांगितलं. नाव काढायचं तर घरच्यांना विचारून काढावं, असं मला वाटलं. मी वहिनींना फोटो दाखवला, मीनाताईंना विचारून तुझ्या एकट्याच्याच ओळीचा काढून आणलेला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि तुझं नाव सावकाश वाचलं.

"हितं हायेत व्हय अजून," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काढू का.

त्यांनी बोट नावाच्या खाली सरकवलं. मग विचारलं, "ह्यांच्या मागं कोण हाये?"

"एक बाई आहे. मंठ्याकडची. नाव सांगता येत नाही मला."

"मंग जल्दी काढा," वहिनी म्हणाल्या. "ती वाट बघून राह्यली असंल."

आज दुपारी दवाखान्यात जाऊन काढलं. मीनाताईंनी बटण दाबलं, मी शेजारी उभी होते. बाई पाचवी झाली, तिच्यामागचे सगळे एकेक घर सरकले. मी यादीवर बोट ठेवून मोजले, मग मीनाताईंना मोजायला लावले. फक्त तू गेलास, विजू. दुसरं कुणी गळलं नाही.